तेलाची बुधली

दस्तगीरमामा, दिल्लीला जाऊन आले,
तुमचं मशीन बघितलं.

कट्ट्यावर सरकून त्यांनी मला जागा केली
आणि पहिलं विचारलं ते हे :
"तेल घालत्यात का?"

चंद्रप्रभा टॉकीज आता तंबाखूचं गोदाम आहे.
पडदा होता तिथं छतापर्यंत बोद,
बाल्कनीत मुकादमाची खाट.
मशीनची खोली तेवढी कुणी मागितली नाही,
जिना अरुंद, बोद वळत नाही तिथनं.
म्हणून चौदा वर्षं ते तिथंच राहिलं,
राजधानीची जीप निपाणीत येईपर्यंत.

फॉर्म मीच भरला होता, शाळेत शिकवते म्हणून.
प्रश्न इंग्रजीत, उत्तरं मामांची, मधे मी.
बनावट. साल. सध्याची स्थिती.
"स्थिती कसली? करंट द्या, आत्ता लावून दावतो."
मी लिहिलं : चालू.
चित्रपटांची भाषा, ह्या रकान्यात
एकच शब्द मावेल एवढी जागा.
"सकाळी कानडी, रात्री हिंदी,
दुपारी बाया असायच्या, मग मराठी.
उरुसाला पेटीत निघंल ते."
मी समासात लिहिलं, मग कागदाच्या पाठीवर.

त्या दुपारच्या बायांत माझी आई होती.
मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा,
अंधारात बोटं विड्या वळत राहायची,
त्यांना पडद्याचं काही घेणंदेणं नव्हतं.
मशीन एकच. रीळ बदलायला थांबायचं,
तेवढ्या पिवळ्या उजेडात
बाया डोळे पुसायच्या आणि विड्या मोजायच्या.
वरच्या भोकातनं मामा ओरडायचे, "झालं का गं मोजून?"
एक रीळ म्हणजे चाळीस विड्या.
हिरॉईन मरायची त्या रिळाला तीस.

तिथं गार असतं, मामा. लोक हळू बोलतात.
काचेच्या खोक्यात उभं केलंय, वरनं दिवा.
पुसून इतकं लख्ख केलंय
की मी आधी दुसऱ्याच मशीनपुढं थांबले होते.
मग दाराची कडी दिसली,
सायकलच्या स्पोकची, तुम्ही वाकवलेली.
"ती ठेवली व्हय?"
ठेवली.
"आन् पाटीवर काय लिवलंय?"
कार्बनवर चालणारं प्रक्षेपण यंत्र. दक्षिण भारत.
"निपाणी न्हाई?"
नाही.
गावाच्या पाटीवरनं इथं दगड उडालेले
मामांनी बघितलेत, एक पाठीवर घेतलाय.
थोडा वेळ ते रस्त्याकडं बघत राहिले.
"दक्षिण म्हंजे कुठनं धरत्यात?"
दिल्लीपासनं.
"मग बरोबर हाय."

शेजारी त्यांचं थिएटर आहे. तिकीट काढून बसले.
मऊ खुर्ची, हातावर नंबर.
खेळ सुरू झाला तशी मी मागं वळून बघितलं,
भिंतीत भोक होतं, उजेड येत होता,
उजेडात धूर नव्हता.
भोकात कुणाचं डोकंही नव्हतं.
मधे एकदाही थांबलं नाही.
दोन तास सलग, हात मांडीवर ठेवून,
काय करायचं त्या हातांचं ते कळेना.

हे शेवटचं मी सांगितलं नाही.
चालू, हा शब्द पाटीवर नव्हता, तेही नाही.
शाळेतली पोरं आली होती तिथं, सांगितलं,
एक पोरगी काचेला नाक लावून बघत होती,
शिपाई तिला रागावला.
"रागवू दे की. बघितली न्हवं?"

चहा आला, बशीतनं पिऊन झाला.
मामा उठून आत गेले, बराच वेळ गेले,
डबे सरकवल्याचा आवाज आला.
बाहेर आले ते बुधली घेऊन,
पत्र्याची, लांब चोचीची, तोंडाला चिंधी.
"आता जाशील तवा. गेटच्या खाली दोन भोकं हायत.
तीन-तीन थेंब. चौथा नको,
फिल्मला डाग पडतोय."

मी घेतली. काय म्हणणार?
बसस्टँडपर्यंत येईस्तोवर
चिंधी भिजून पर्सला तेल लागलं होतं,
आणि दिल्लीच्या तिकिटाचा अर्धा तुकडा
इतका पारदर्शक झाला होता
की त्यातनं पलीकडची बेळगाव गाडी दिसली,
पाटी कानडीत, घोषणा दोन्हीत.